हीथ्रोवर उतरल्यापासून लंडनमधल्या घराच्या दारापर्यंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनला पहिल्यांदा येणारे विद्यार्थी, नोकरीसाठी येणारे आणि मुलांकडे राहायला येणारे आई-बाबा साधारण हेच प्रश्न विचारतात. उत्तरं हीथ्रो विमानतळापुरतीच आहेत. लंडनला गॅटविक, स्टॅनस्टेड, लुटन असे आणखी विमानतळ आहेत आणि तिथला हिशोब पूर्ण वेगळा. म्हणून तिकिटावर विमानतळाचं नाव आधी नीट पाहा.

निघायच्या आधी नेमकं काय ठरवून ठेवू?

शेवटचं स्टेशन. बहुतेक जण “हीथ्रोहून लंडनला कसं जायचं” असं विचारतात, पण लंडन खूप पसरलेलं आहे. साउथॉलला जाणाऱ्याचा रस्ता वेगळा, हॅरोला जाणाऱ्याचा वेगळा आणि किंग्ज क्रॉसला जाणाऱ्याचा आणखी वेगळा. ज्या घरी किंवा हॉस्टेलवर जायचं आहे त्याच्या जवळचं स्टेशन कोणतं आणि तिथे लिफ्ट आहे की जिने, एवढं आधी विचारून घ्या. पुढचे निम्मे निर्णय त्यावरूनच होतात.

पूर्ण पत्ता पोस्टकोडसकट आणि एक स्थानिक फोन नंबर कागदावर लिहून हातातल्या पिशवीत ठेवा. लांबच्या प्रवासात फोनची बॅटरी संपते आणि पत्ता त्यातच अडकून राहतो.

माझं विमान कोणत्या टर्मिनलवर उतरेल? टर्मिनल १ कुठेच का दिसत नाही?

टर्मिनल १ हे २०१५ मध्ये बंद झालं. आता २, ३, ४ आणि ५ अशी चार टर्मिनल्स चालू आहेत. २ आणि ३ शेजारी शेजारी आहेत, भुयारी वाटेने चालत जाता येतं, दोघांचं स्टेशनही एकच. ४ आणि ५ मात्र त्यांच्यापासून आणि एकमेकांपासूनही दूर आहेत. ब्रिटिश एअरवेजची बहुतेक विमानं ५ वर येतात, व्हर्जिन अटलांटिक आणि एमिरेट्स ३ वर. बाकी कंपन्यांची टर्मिनल्स अधूनमधून बदलतात, त्यामुळे जुन्या अनुभवावर न जाता निघायच्या दिवशी तिकीट किंवा कंपनीचं ॲप पाहा. घ्यायला येणाऱ्यालाही टर्मिनलचा नंबर कळवा. “हीथ्रोला ये” एवढ्याने काम होत नाही.

चुकीच्या टर्मिनलला गेलो किंवा घ्यायला येणारा दुसरीकडे थांबला तर?

पैसे लागत नाहीत. टर्मिनल २-३, ४ आणि ५ यांच्यामध्ये ट्रेनने फुकट जाता येतं. मोफत तिकीट तिथल्या मशीनमधून मिळतं. टर्मिनल ४ ते ५ थेट गाडी नाही, २-३ च्या स्टेशनवर बदलावी लागते. तुम्ही आहात तिथेच थांबा आणि घ्यायला येणाऱ्याला तुमच्याकडे बोलवा, हे सगळ्यात बरं. बॅगा तुमच्याकडे आहेत, त्याच्याकडे नाहीत.

उतरल्यावर फार चालावं लागतं का?

हो, आणि हे आई-बाबांना आधी सांगून ठेवा. टर्मिनल ५ च्या बाहेरच्या इमारतींना विमान लागलं तर मुख्य इमारतीत यायला छोटी ट्रेन असते. टर्मिनल २ च्या दुसऱ्या इमारतीतून मात्र जमिनीखालच्या लांब वाटेने यावं लागतं. मध्ये सरकते पट्टे आहेत, तरी चालणं चुकत नाही. ‘अरायव्हल्स’च्या पिवळ्या पाट्यांमागे जा. जांभळ्या पाट्या पुढचं विमान पकडणाऱ्यांसाठी असतात. गर्दी जाते तिकडे आपणही जायचं, हा नियम इथे धोक्याचा आहे, कारण त्या गर्दीतले बरेच जण अमेरिकेचं पुढचं विमान पकडायला निघालेले असतात.

इमिग्रेशनच्या रांगेआधी स्वच्छतागृह लागतं. तिथे जाऊनच पुढे व्हा. एकदा रांगेत अडकलात की बाहेर पडणं अवघड जातं.

व्हीलचेअर सांगावी का? बाबा चालू शकतात, पण दमतात.

सांगा. संकोच करू नका. ही मदत मोफत आहे आणि दमणाऱ्या माणसासाठीही आहे. मात्र ती विमान कंपनीकडे किमान ४८ तास आधी नोंदवावी लागते. उतरल्यावर मागितली तर बराच वेळ थांबावं लागू शकतं. मदतनीस इमिग्रेशन, बॅगा आणि बाहेरच्या हॉलपर्यंत सोबत असतो. ज्यांना इंग्रजीची धास्ती वाटते त्यांचीही यात मोठी सोय होते, पण खरी गरज असेल तेव्हाच मागा. खुर्च्या आणि माणसं मोजकीच असतात, आणि आपल्यामागे एखादे खरोखर न चालू शकणारे आजोबा ताटकळत असू शकतात.

इमिग्रेशनला कोणत्या रांगेत उभं राहायचं? फॉर्म भरायचा असतो ना?

लँडिंग कार्ड २०१९ मध्येच बंद झालं. विमानात कुणी फॉर्म दिला नाही म्हणून घाबरू नका. आपोआप उघडणारी इलेक्ट्रॉनिक फाटकं ब्रिटन, युरोप, अमेरिका, जपान, सिंगापूर अशा काही देशांच्या पासपोर्टसाठी आहेत. भारतीय पासपोर्टवाल्यांनी ‘इतर सर्व पासपोर्ट’च्या रांगेत उभं राहून अधिकाऱ्याला भेटायचं. सकाळी बरीच लांब पल्ल्याची विमानं एकापाठोपाठ उतरतात, तेव्हा ही रांग लांबते. म्हणून पुढची बस किंवा ट्रेन ठराविक वेळेची काढली असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा.

ईटीए नावाची ऑनलाइन परवानगी काढायची का, असंही विचारतात. ती व्हिसा न लागणाऱ्या देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारतीयांना व्हिसा लागतोच, त्यामुळे ईटीएच्या नावाखाली कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

अधिकारी काय विचारतात? आईला इंग्रजी फारसं येत नाही.

कशासाठी आलात, किती दिवस राहणार, कुठे राहणार, परत कधी जाणार. बहुतेकदा एवढंच. आईजवळ एक कागद द्या: मुलाचं किंवा मुलीचं नाव, पत्ता, फोन, परतीची तारीख. हा कागद, परतीचं तिकीट आणि व्हिसाची कागदपत्रं हातातल्या पिशवीत हवीत. चेक-इन केलेल्या बॅगेत ठेवलेल्या फाइलचा इथे काही उपयोग नाही, कारण बॅगा इमिग्रेशननंतर मिळतात.

आईला एवढंच सांगा की प्रश्न कळला नाही तर “हो” म्हणू नकोस, कळलं नाही म्हणून सांग. अंदाजाने दिलेल्या उत्तरामुळे गैरसमज होतो. “मुलीला मदत करायला आले” हे वाक्यही जपून वापरायचं. आपण घरातल्या मायेने म्हणतो, पण पर्यटक व्हिसावर काम करायची परवानगी नसते आणि मदत म्हणजे काम असा अर्थ निघू शकतो. भेटायला आले असाल तर “मुलीला भेटायला आले” एवढंच म्हणायचं, आणि जे खरं आहे तेच सांगायचं.

विद्यार्थ्यांनी काय जवळ ठेवावं?

पूर्वी मिळायचं ते बीआरपी हे राहण्याच्या परवानगीचं प्लास्टिकचं कार्ड आता इतिहासजमा झालं आहे, त्याची जागा ई-व्हिसाने घेतली. निघण्यापूर्वी आपल्या यूकेव्हीआय (ब्रिटनचा व्हिसा विभाग) खात्यात लॉग-इन करून बघा. त्यात नोंदलेला पासपोर्ट आणि हातातला पासपोर्ट एकच हवा. व्हिसा मिळाल्यावर पासपोर्ट बदलला असेल तर खात्यात नवा नंबर घालायला विसरू नका, नाहीतर मुंबईच्या चेक-इन काउंटरवरच अडचण येते. विद्यापीठाचं कॅस (प्रवेश पक्का असल्याचं) पत्र, राहण्याच्या जागेचं पत्र आणि टीबीचा दाखला यांच्या छापील प्रती जवळ असू द्या.

बॅगा आल्या नाहीत तर?

हॉलमधून बाहेर न पडता विमान कंपनीच्या काउंटरवर जाऊन तक्रार नोंदवा आणि नंबर लिहून घ्या. एकदा कस्टम्स ओलांडून बाहेर आलात की परत आत जाता येत नाही. ट्रॉल्या मोफत आहेत.

खाऊ किती आणता येतो? लाडू, पेढे, तूप?

दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून आणायला बंदी आहे. पेढे, बर्फी, खव्याचे मोदक, श्रीखंड, पनीर, तूप हे सगळं त्यात येतं. साजूक तुपाची बरणी आईने प्रेमाने भरून दिलेली असते आणि ती कस्टम्समध्ये टाकून द्यावी लागली की जीव हळहळतो. म्हणून ती आणूच नका. तूप इथल्या भारतीय दुकानांत आणि मोठ्या सुपरमार्केटमध्येही मिळतं. चिवडा, चकली, मसाले, मेतकूट, भाजणी यांना या बंदीची अडचण नाही. ताजी फळं, भाज्या आणि रोपं यांचे नियम वेगळे आहेत आणि बदलत राहतात, त्यामुळे ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर त्या त्या वेळी पाहा. आपल्याकडे काही बंदी असलेलं आहे अशी शंका आली तर कस्टम्सच्या हिरव्या वाटेने (जाहीर करण्यासारखं काही नसलेल्यांची) न जाता लाल वाटेने जाऊन स्वतः सांगा. सांगणाऱ्याची वस्तू जाते, लपवणाऱ्याला त्रास होतो. १०,००० पौंड किंवा त्याहून जास्त रोख रक्कमही जाहीर करावी लागते.

काकांनी जुन्या पौंडाच्या नोटा दिल्यात. चालतील का?

कागदी असतील तर दुकानात चालणार नाहीत. २० आणि ५० पौंडाच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर व्यवहारातून गेल्या, ५ आणि १० च्या त्याआधीच. आता सगळ्या नोटा प्लास्टिकच्या आहेत. जुन्या नोटांची किंमत बुडत नाही, बँक ऑफ इंग्लंड त्या बदलून देते, पण पहिल्या दिवशी त्यांचा काही उपयोग होत नाही. रोख थोडीच आणा. लंडनच्या बसमध्ये तर रोख पैसे घेतच नाहीत. एटीएमवर किंवा दुकानात मशीनने “रुपयांत घेऊ की पौंडांत” असं विचारलं तर पौंड निवडा, रुपयांत दर वाईट लागतो.

तिकीट कुठे काढायचं? माझं भारतीय कार्ड चालेल का?

बहुतेकांना तिकीट काढावंच लागत नाही. टॅप होणारं व्हिसा, मास्टरकार्ड किंवा अमेरिकन एक्सप्रेस कार्ड स्टेशनच्या फाटकावर टेकवायचं आणि उतरल्यावर पुन्हा टेकवायचं. भाडं आपोआप कापलं जातं, आणि दिवसभरात ठराविक रकमेपेक्षा जास्त कापलं जात नाही. रूपेवर इथे विसंबू नका.

पण २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे भारतातली कार्डं मुळात देशातल्या वापरापुरतीच चालू असतात. परदेशातला वापर आणि टॅप, दोन्ही आपल्याला बँकेच्या ॲपमधून सुरू करावं लागतं. हे घरी असतानाच करा. भारतीय सिम इथे चालत नसेल तर ओटीपी येत नाही आणि मग ऐन फाटकाशी हा बदल करता येत नाही. परकीय चलनाचं शुल्कही बँक लावते.

दोन गोष्टींवर लोक हमखास पैसे घालवतात. एक म्हणजे एकाच कार्डावर दोघांना आत नेण्याचा प्रयत्न. प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड लागतं. दुसरी म्हणजे जाताना फोन आणि उतरताना कार्ड टेकवणं. कार्ड तेच असलं तरी यंत्रणेच्या दृष्टीने ते दोन वेगळे प्रवास होतात आणि दोन्हींवर जास्तीत जास्त भाडं लागतं. आई-बाबांकडे कार्ड नसेल तर मशीनमधून ऑयस्टर हे लंडनचं प्रवासाचं कार्ड घेऊन त्यात पैसे भरा. कार्डाची स्वतःची किंमत परत मिळत नाही, पण ते पुढच्या खेपेलाही चालतं.

मुलांचं भाडं?

११ वर्षांखालची मुलं मोठ्यांसोबत ट्यूबवर (लंडनची भुयारी रेल्वे) आणि एलिझाबेथ लाइन या ट्रेनवर फुकट. ११ ते १५ वयाच्या पाहुण्या मुलांसाठी ऑयस्टर कार्डावर अर्ध्या भाड्याची सवलत स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडून लावून घेता येते. ही सवलत आपोआप लागत नाही, मागावी लागते. हीथ्रो एक्सप्रेस या जलद ट्रेनवर १५ वर्षांपर्यंतची मुलं मोठ्यांबरोबर फुकट.

तीन ट्रेन आहेत म्हणतात. कोणती घेऊ?

हा खरा प्रश्न आणि यावर सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले मिळतात.

पिकॅडिली लाइन ही ट्यूब १९७७ पासून हीथ्रोला येते. मध्य लंडनला साधारण ५० मिनिटं ते तासभर, भाडं सहा पौंडांच्या आसपास. स्वस्त, पण डबे लहान आणि बॅगांना जागा कमी. हाउन्स्लो, हॅमरस्मिथ, अर्ल्स कोर्ट, किंग्ज क्रॉस या बाजूला जायचं असेल तर हीच थेट.

एलिझाबेथ लाइनचा शहराखालचा भाग २०२२ मध्ये सुरू झाला आणि हीथ्रोचं गणितच बदललं. पॅडिंग्टनला अर्ध्या तासाच्या आसपास, पुढे बॉन्ड स्ट्रीट, टॉटनहॅम कोर्ट रोड, फॅरिंग्डन, लिव्हरपूल स्ट्रीट, कॅनरी व्हार्फ. मध्य लंडनपर्यंत भाडं २०२५ मध्ये तेरा-चौदा पौंड होतं. डबे प्रशस्त, एसी आहे, आणि सगळ्या स्टेशनांवर रस्त्यापासून प्लॅटफॉर्मपर्यंत एकही पायरी न चढता जाता येतं. साउथॉल, हेज आणि ईलिंग तर वाटेवरच आहेत, तिथपर्यंतचं भाडंही कमी.

हीथ्रो एक्सप्रेस टर्मिनल २-३ पासून पॅडिंग्टनला १५ मिनिटांत पोहोचते, भाडं २५ पौंडांच्या घरात. बरेच आधी काढलं तर स्वस्त मिळतं. मात्र ती पॅडिंग्टनलाच संपते. पुढे बॅगा ओढत दुसरी गाडी पकडायची असेल तर वाचलेली मिनिटं तिथेच खर्च होतात. ज्याचं हॉटेल पॅडिंग्टनजवळ आहे त्याने जरूर घ्यावी. बाकीच्यांना मी एलिझाबेथ लाइनच सांगतो, आणि आई-बाबा दोन-दोन मोठ्या बॅगा घेऊन येत असतील तर दुसरं नावच घेत नाही. विद्यार्थी एकटा, बॅग एक आणि जायचं पिकॅडिली लाइनवरच्या स्टेशनला, तर ट्यूब उत्तम.

एक सावधगिरी: एलिझाबेथ लाइन आणि हीथ्रो एक्सप्रेस एकाच प्लॅटफॉर्मवर येऊ शकतात आणि टॅप दोन्हींना चालतं. समोर आली म्हणून एक्सप्रेसमध्ये चढलात तर एक्सप्रेसचं भाडं कापलं जातं. बोर्डवरचं नाव वाचून मगच चढा. टर्मिनल ४ ला एक्सप्रेस जात नाही.

भाडी दरवर्षी, बहुधा मार्चमध्ये वाढतात. इथले आकडे अंदाजासाठी समजा.

ट्यूबमध्ये मोठ्या बॅगा नेता येतात का?

नेता येतात, पण उतरायच्या स्टेशनवर लिफ्ट आहे का हे पाहा. पिकॅडिली लाइनवर ग्रीन पार्क, किंग्ज क्रॉस, हॅमरस्मिथ, अर्ल्स कोर्ट इथे लिफ्टने बाहेर पडता येतं. लेस्टर स्क्वेअर, पिकॅडिली सर्कसला तशी सोय नाही. रसेल स्क्वेअरला विद्यार्थी खूप उतरतात. तिथे लिफ्ट आहे, तरी काही पायऱ्या उरतातच. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईत असणाऱ्यांसाठी मोकळी सोडायची. कामावर जाण्या-येण्याच्या गर्दीच्या वेळी बॅगा घेऊन ट्यूबमध्ये चढणं त्रासाचं. विमानतळावर चहा घेऊन थोडं थांबलेलं परवडतं.

रात्री उशिरा उतरलो तर?

मध्यरात्रीच्या सुमारास ट्रेन थांबतात. शुक्रवार आणि शनिवारच्या रात्री पिकॅडिली लाइन रात्रभर चालते, पण टर्मिनल ४ ला जात नाही. इतर रात्री एन९ ही बस मध्य लंडनला जाते. वेळ लागतो, भाडं सगळ्यात कमी. आई-बाबा असतील तर रात्री सरळ टॅक्सी.

टॅक्सी आणि घ्यायला येणारी गाडी?

काळ्या टॅक्सी प्रत्येक टर्मिनलच्या बाहेर अधिकृत रांगेत उभ्या असतात आणि मीटरवर चालतात. मध्य लंडनपर्यंत भाडं चांगलंच होतं. चौघे जण आणि भरपूर सामान असेल तर मात्र ट्रेनच्या चार भाड्यांशी आधी ठरवलेल्या मिनीकॅबची (खासगी टॅक्सी) तुलना जरूर करा, फरक वाटतो तेवढा राहत नाही. हॉलमध्ये जवळ येऊन “टॅक्सी हवी का” विचारणाऱ्याबरोबर कधीही जाऊ नका, तो मराठी-हिंदी बोलत असला तरीही. ॲपवरच्या गाड्या आणि नातेवाईक तुम्हाला घ्यायला शॉर्ट स्टे पार्किंगमध्ये येतात. टर्मिनलच्या दारासमोरची जागा फक्त सोडायला आहे, तिथे शुल्क लागतं आणि तिथून माणसं घ्यायला परवानगी नाही.

हॅरो, वेंब्ली किंवा महाराष्ट्र मंडळाकडे जायचं असेल तर?

हॅरोसाठी हीथ्रो सेंट्रल बस स्थानकावरून एसएल९ ही जलद बस आहे, ती हेज, नॉर्थोल्टमार्गे थेट जाते. शहरात शिरून परत बाहेर पडायची गरज नाही. वेंब्लीसाठी एलिझाबेथ लाइनने बॉन्ड स्ट्रीटला उतरून ज्युबिली लाइनने वेंब्ली पार्क. १९३२ मध्ये स्थापन झालेलं महाराष्ट्र मंडळ, लंडन हे डॉलिस हिलला आहे, तेही याच ज्युबिली लाइनवर, वेंब्ली पार्कच्या अलीकडे.

लेस्टर, बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्रीला जायचंय. लंडनला जावं लागेल का?

नाही. नॅशनल एक्सप्रेसच्या बस विमानतळावरूनच सुटतात. मुख्य स्थानक टर्मिनल २ आणि ३ च्या मध्ये आहे. बॅगा बसच्या पोटात जातात आणि तुम्ही झोपून जाऊ शकता. ऑक्सफर्डलाही थेट बस आहे. रेडिंगला रेलएअरची बस जाते. तिकीट ऑनलाइन आधी काढलं तर स्वस्त पडतं, पण विमानाला उशीर होऊ शकतो हे धरून, ज्यात नंतरची बस पकडायची मुभा आहे असं तिकीट घ्या.

पोहोचलो हे घरी कसं कळवू?

विमानतळाचं वायफाय मोफत आहे आणि वेळेची मर्यादा नाही. बॅगांची वाट पाहताना व्हॉट्सॲपवर एक निरोप टाका. भारत उन्हाळ्यात साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच तास पुढे असतो. सिम विमानतळावर महाग पडतं. घरून ई-सिम घालून निघालात तर उत्तम, नाहीतर शहरात कुठल्याही सुपरमार्केटमध्ये मिळतं.